काळ्या मॉलीवर मिठाचे दाणे

गुरुवारची संध्याकाळ होती. मगरिबची अजान होऊन गेली तरी धाकटा फिशटँकसमोरून हलेना. दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा आवाज चढवला, तेव्हा तो मागे न बघताच म्हणाला, "अम्मी, अब्बा, मॉलीवर कुणी मीठ टाकलं?"

आम्ही दोघेही जाऊन वाकून पाहिले. खरेच, आमच्या काळ्याभोर मॉलीच्या शेपटीवर आणि परांवर बारीक पांढरे दाणे दिसत होते, जेवताना ताटातले मीठ सांडावे तसे. मासा काळा असल्यामुळे ते डोळ्यांत भरले. बाकीच्या रंगीत माशांवर आधीपासून असतील तर आमच्या लक्षात आले नव्हते. दोन गप्पी खडीवर अंग घासत होत्या. आठवडाभर त्या तसे करत होत्या आणि आम्ही ते खेळणे समजून हसत होतो.

आमच्या घरातली ही टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. भरली की साधारण ५० लिटर पाणी मावते. तिच्यात चार मॉली, दोन एंजल, सहा गप्पी आणि काच चाटत फिरणारा एक सकर होता. अकरा दिवसांपूर्वी, रविवारी, धाकट्याच्या हट्टापायी दोन गोल्डफिश आणले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा भरून दुकानदाराने दिले, घरी आल्यावर पिशवी दहा मिनिटे टाकीत तरंगत ठेवली आणि मग पाण्यासकट सगळे आत ओतले. मासे असेच सोडायचे असतात, असे आम्हांला वाटत होते.

त्या रात्री आमच्या हातून दोन चुका झाल्या. मासे आजारी, म्हणजे पाणी खराब, असे गृहीत धरून आम्ही टाकी पूर्ण रिकामी केली, खडी धुतली आणि नळाचे ताजे पाणी भरले. डिसेंबरचे दिवस. बीडच्या उन्हाळ्याला बाहेरगावचे लोक घाबरतात, पण आमच्याकडची थंडीही काही कमी नसते. बॅरलमधले पाणी बर्फासारखे लागत होते आणि त्याला ब्लीचिंग पावडरचा वास होता. माणसाच्या पोटाला ते क्लोरीन चालते, माशाचे कल्ले मात्र ते भाजून काढते. सकाळी फज्रला उठलो तेव्हा दोन गप्पी पाण्यावर उलट्या तरंगत होत्या.

दुसरी चूक आज लिहितानाही जड जाते. आम्ही धाकट्याला धरले. दाण्यांचा डबा तो दिवसातून चार वेळा उघडतो, चिमूटभर सांगितले तर मूठभर टाकतो, हे आम्हांला माहीत होते. "तुझ्या हातांनी मेले ते. किती वेळा सांगितलं होतं?" असे आम्ही म्हणालो. दोघांपैकी कुणी म्हटले ते आता महत्त्वाचे नाही, दुसऱ्याने अडवले नाही. नऊ वर्षांचे पोर. रडला नाही. डबा आणून आमच्या हातात दिला आणि दप्तर भरायला गेला. त्यानंतर कित्येक दिवस तो टाकीकडे फिरकला नाही.

शनिवारी दुकानातून औषध आणले. गडद निळे-हिरवे पाणी, छोट्या बाटलीत. रोज इतके थेंब, तीन दिवस. बाटलीवरची बारीक अक्षरे आम्ही वाचली नाहीत. मुलांना प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना आधी वाचायला लावणारी आम्ही माणसे! त्या तीन दिवसांत एक मॉली गेली, पण पाचव्या दिवशी उरलेल्या माशांवर एकही दाणा नव्हता. आम्ही अलहमदुलिल्लाह म्हणालो, खीर केली, औषधाची बाटली कपाटात ठेवली.

सहा दिवसांनी दाणे परत आले. आधी मोजता येत होते, आता मासेच दाण्यांनी मढलेले दिसत होते. एंजल कोपऱ्यात पर मिटून उभी, कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते. गोल्डफिशपैकी एक पृष्ठभागावर तोंड काढून हवा ओढत होता.

शेजारच्या खाला आल्या. "नजर लागली हो. तांबडी मिरची उतरवून टाका." आमच्या सासूबाई, म्हणजे मुलांच्या दादी, पलंगावरून म्हणाल्या, "मिर्ची से मछली अच्छी होती क्या? दुआ भी करो, दवा भी करो." दादींचा या टाकीला पहिल्या दिवसापासून विरोध. बेजुबान जीव काचेत कोंडून ठेवायचा, वर त्याची हेळसांड करायची, याचा हिसाब द्यावा लागेल, असे त्या वारंवार सांगत. मांजरीला कोंडून, खाऊ न घालता मारणाऱ्या त्या बाईची हदीस त्यांनी आम्हांला इतक्यांदा ऐकवली होती की मुले वाक्य सुरू होताच हसत. त्या आठवड्यात कुणी हसले नाही.

तो गोल्डफिश एके दिवशी अगदी पहाटे मेला. सकाळची शाळा होती. स्टीलच्या डब्यात टाकीतलेच पाणी घेऊन, त्यात मासा ठेवून आम्ही शाळेत नेला. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर अशा गोष्टींना नाही म्हणत नाहीत. त्यांनी कल्ल्यावरचा चिकट पदार्थ काडीने काढला, काचपट्टीवर ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि एकदम म्हणाले, "या, बघा, फिरतोय."

गोल, धुरकट, काठाला बारीक केस असलेला एक गोळा संथपणे स्वतःभोवती लोळत होता. त्याच्या पोटात घोड्याच्या नालेसारखी एक आकृती. सर म्हणाले, ही नाल दिसली की ओळख पटली. मासा मेल्यावर हे परजीवी फार वेळ थांबत नाहीत, सोडून जातात, म्हणून ताबडतोब आणला ते बरे झाले. मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गाने रांग लावून तो पाहिला.

या एकपेशीय जीवाचे नाव इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस. फूके नावाच्या फ्रेंच संशोधकाने १८७६ साली त्याचे वर्णन करून हे नाव दिले. अर्थ काढला तर 'माशाची ऊ, पुष्कळ लेकरांची'. मासे पाळणारे लोक त्याला नुसते 'इक' म्हणतात आणि आजाराला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. गोड्या पाण्यातल्या जवळजवळ कोणत्याही माशाला तो होतो. काचेतल्या माशांपुरता तो नाही. रोहू, कटला यांची बोटभर पिल्ले दाटीवाटीने वाढवतात त्या तळ्यांतही तो येतो. आमच्याकडे बाजारात माजलगाव धरणाचा मासा येतो, त्याच्या जातभाईंनाही हा रोग ठाऊक आहे. माणसाला मात्र तो लागत नाही. हे आम्ही सरांना पहिल्यांदा विचारले, कारण खालांनी "पोरांना खरूज होईल" असेही सांगून ठेवले होते.

मग सरांनी फळ्यावर एक वर्तुळ काढले आणि आमची फजिती कुठे झाली ते दाखवले.

जो पांढरा दाणा दिसतो तो परजीवी माशाच्या अंगावर बसलेला नसतो, कातडीच्या आत शिरलेला असतो. वरून कातडीचे पांघरूण. पाण्यात कितीही औषध टाका, त्याला लागत नाही. तिथे तो माशावर पोसतो, मोठा होतो आणि एक दिवस कातडी फोडून खाली पडतो. तळाच्या खडीला, झाडाला, काचेला चिकटतो आणि भोवती बुळबुळीत कवच करून घेतो. त्या कवचालाही औषध भेदत नाही. आत एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ असे होत शेकडो, कधी हजारापर्यंत नवे जीव तयार होतात. मग कवच फुटते आणि ते सगळे पोहत मासा शोधायला निघतात. दोन-तीन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. या उघड्या, पोहत्या अवस्थेतच औषध किंवा मीठ त्यांना मारू शकते. बाकी कधीच नाही.

म्हणजे पाचव्या दिवशी आम्ही खीर केली तेव्हा पाहुणे गेलेले नव्हते. खडीत उतरून गोतावळा वाढवत बसले होते आणि आम्ही नेमके तेव्हाच औषध थांबवले. बाटलीवर तेच लिहिले होते: ठिपके गेल्यावरही काही दिवस चालू ठेवा. औषध चांगलेच होते.

हे चक्र किती दिवसांत फिरते ते पाण्याच्या गरम-थंडपणावर ठरते. २४-२५ अंशांना साधारण आठवडाभर, ३० अंशांना तीन-चार दिवस, आणि १० अंशांसारख्या गार पाण्यात महिन्याहून अधिक. म्हणून थंडीत तीन दिवसांचे औषध म्हणजे काहीच नाही. पाणी गरम केले की परजीवी घाईने कवचाबाहेर येतो आणि औषधाच्या तोंडी सापडतो. ३० अंशांवर त्याला स्वतःलाही वाढणे जड जाते.

सरांनी एक प्रश्न विचारला. "नवीन मासे कधी सोडले होते?"

घरी येईपर्यंत आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही. गोल्डफिश आम्ही आणले. न तपासता, दुकानाच्या पाण्यासकट, आम्ही ओतले. थंड पाणी आम्ही भरले आणि थंडीच्या धक्क्याने मासा दुबळा झाला की हा रोग जोर धरतो. मुलाच्या चिमूटभर जास्त दाण्यांनी पाणी गढूळ झाले असेल, पण रोग त्याने आणला नव्हता.

धाकटा अंगणात डाळिंबाखाली बसला होता. मेलेल्या गप्पी आणि मॉली त्याने तिथेच पुरल्या होत्या, प्रत्येकीवर एक खडा ठेवून. आम्ही त्याच्याजवळ जमिनीवर बसलो आणि फळ्यावरचे सगळे त्याला सांगितले, मग म्हणालो, "बेटा, चूक आमची होती. तुला उगाच बोललो. माफ कर." त्याने बराच वेळ उत्तर दिले नाही. नंतर विचारले, "मग आता उरलेले वाचतील का?" आम्ही म्हणालो, सांगता येत नाही, इन्शाअल्लाह प्रयत्न करू. "मग औषधाची वही मी लिहितो," तो म्हणाला.

दुसऱ्या खेपेला आम्ही रंगीत औषध बाजूला ठेवले. त्यात मॅलकाइट ग्रीन असते. सकरसारख्या खवले नसलेल्या माशांना ते सोसत नाही, त्यांना मात्रा निम्मी करावी लागते. शिवाय लहान मुलांच्या घरात ते हातमोज्यांशिवाय हाताळू नये. खाण्याच्या माशांसाठी तर अनेक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. आम्ही मीठ आणि ऊब हा मार्ग धरला.

१०० वॅटचा हीटर आणि काचेचा तापमापक आणला. हीटर पाण्यात पूर्ण बुडाल्याशिवाय लावायचा नाही, आणि टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे धाकट्याने वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले. पाणी त्या वेळी २१ अंशांवर होते. एकदम चढवले तर मासे धक्क्यानेच मरतील, म्हणून दर सात-आठ तासांनी एक अंश, असे करत तीन दिवसांत ३० वर आणले. खडे मीठ लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ५० लिटरला १०० ग्रॅम. ते तीन वाट्यांत, प्रत्येक वाटा आधी मगभर पाण्यात विरघळवून, दीड दिवसात घातले. खडे तसेच टाकले असते तर सकरने त्यावर पोट टेकले असते. टाकीतली दोन हिरवी झाडे मिठाला टिकली नाहीत, त्याला इलाज नव्हता.

एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी नळीने तळाच्या खडीतून ओढून काढायचे, कारण कवचे तिथेच असतात. नवे पाणी बादलीत २४ तास उघडे ठेवून क्लोरीन उडालेले आणि कोमट. जितके पाणी काढले तितक्याचेच मीठ पुन्हा घालायचे, १२ लिटरला २४ ग्रॅम. नाहीतर टाकीचा समुद्र होतो. हा हिशोब धाकट्याने केला आणि आम्ही तपासला. शाळेत त्याला गुणाकाराचा कंटाळा, इथे मात्र त्याने एकदाही चूक केली नाही.

बीडमध्ये पाणी ओतून देणे कुणाच्या जिवावर येत नाही? नळ आठवड्याने येणारे आमचे गाव. टाकीचे काढलेले पाणी एरवी झाडांना खत म्हणून उत्तम, ते दादींच्या कुंड्यांना जायचे. त्या सवयीने ते मिठाचे पाणीही पहिल्या दिवशी त्यांच्या पुदिन्याला गेले. चार दिवसांत पुदिना करपला. "मछली बचाने को मेरा पुदीना मारा," हे वाक्य आम्ही अजून ऐकतो. नंतर ते पाणी आम्ही न्हाणीघर धुवायला वापरले.

खरी परीक्षा रात्री होती. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचा पंप पूर्ण जोरात हवा. आणि वीज? पाचव्या रात्री अडीचच्या सुमारास गेली. हीटर बंद, पंप बंद. टाकीला आम्ही मागून थर्माकोल आणि पुढून जुनी वाकळ गुंडाळली होती, त्यामुळे ऊब टिकली, पण एंजल वर येऊन धापा टाकू लागली. आम्ही तांब्याने पाणी वर उचलून धार धरून पुन्हा टाकीत ओतत राहिलो. पाणी पडताना हवा घेऊन पडते. हात भरून आले तेव्हा मागून आवाज आला, "लाओ इधर." दादी तहज्जुदला उठल्या होत्या. स्टूल ओढून बसल्या आणि एका हातात तसबीह, दुसऱ्या हातात तांब्या घेऊन वीज येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ फज्रपर्यंत, धार धरून बसल्या. आम्ही आळीपाळीने बदलायला गेलो तर उठायला तयार नाहीत.

त्या रात्री आम्ही त्यांना हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. त्यांना ती ठाऊक होतीच, पण ऐकून घेतली. अबू उमैर नावाच्या त्या लहान मुलाने एक छोटा पक्षी पाळला होता. प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या घरी येत, त्याच्याशी थट्टामस्करी करत. पक्षी मेला आणि पोर हिरमुसले तेव्हा आपण (स.) त्याला, तुझ्या त्या पक्ष्याचे काय झाले रे, असे प्रेमाने विचारले. या हदीसवरूनच उलमांनी म्हटले आहे की पक्ष्यासारखा जीव घरी पाळता येतो, दाणा-पाणी आणि देखभाल नीट असेल तर. मुलाच्या मेलेल्या पक्ष्याची विचारपूस करायला आपणांस (स.) वेळ होता, आणि आम्ही आमच्या मुलाला मेलेल्या गप्पींवरून काय विचारले होते? दादी काही बोलल्या नाहीत. धार मात्र थांबली नाही.

सहाव्या दिवशी एक एंजल गेली, सातव्या दिवशी आणखी दोन गप्पी. नवव्या दिवशी मॉलीच्या शेपटीवर एकच दाणा होता. दहाव्या दिवशी तोही नाही. खीर कुणी केली नाही. वहीत धाकट्याने लिहिले: 'दाणे शून्य. औषध चालू.' त्यानंतर पूर्ण आठवडा मीठ आणि ३० अंश तसेच ठेवले. मग उतरणही चढणीसारखीच सावकाश, रोज एक अंश. मीठ पाणी बदलता बदलता कमी केले.

पंधरा माशांतले आठ वाचले. तीन मॉली, एक एंजल, दोन गप्पी, सकर आणि तो दुसरा गोल्डफिश. या रोगातून उठलेल्या माशात काही काळ प्रतिकारशक्ती राहते. पण एखादा परजीवी त्यांच्या कल्ल्यांत लपून राहू शकतो, म्हणून पाण्याला पुन्हा थंडीचा धक्का बसू द्यायचा नाही. गोल्डफिश मुळातच थंड पाण्याचा मासा, तो आता वेगळ्या टाकीत आहे.

अंगणातल्या पडवीत आता एक निळा टब असतो. साथीच्या गावात जाऊ नये आणि साथीच्या गावातून बाहेर पडू नये, ही शिकवण आम्ही मुलांना कोरोनाच्या दिवसांत समजावून सांगितली होती. माशांच्या बाबतीत ती आम्हांला सुचली नाही. नवा मासा आणला की तो आधी २१ दिवस टबात. त्याचा पंप वेगळा, जाळी वेगळी, आणि त्या पाण्यात हात घातला की धुतल्याशिवाय मोठ्या टाकीला लावायचा नाही. दुकानातल्या पिशवीचे पाणी मोरीत.

मागच्या आठवड्यात दादीच म्हणाल्या, "वो अकेली एंजल के वास्ते एक जोडीदार लाओ ना." आणला. टबावर धाकट्याने खडूने तारीख लिहिली आहे आणि रोज मगरिबनंतर टॉर्च घेऊन तो पर, शेपटी, कल्ले तपासतो. काल नववा दिवस होता. दादींनी आतूनच विचारले, "झालं का रे?"

"अजून बारा दिवस, दादी."